स्लॅब पडायच्या आधी पाईप टाका: नवीन घरात गाडी चार्जिंगची सोय कशी करून घ्यायची

२०२३ च्या दिवाळीत आमच्या दारात इलेक्ट्रिक गाडी आली, पूजा झाली, पेढे वाटून झाले, आणि रात्री साडेनऊला मी चार्जिंगची केबल हातात घेऊन पार्किंगमध्ये उभा होतो. ब्रोशरमध्ये लिहिलेलं होतं 'ईव्ही चार्जिंग प्रोव्हिजन'. ती प्रोव्हिजन म्हणजे वॉचमनच्या खोलीबाहेर पाच अँपियरचा एक प्लग, ज्याच्यात वॉचमनमामांचा मोबाईल लावलेला. आणि मी कोण, तर सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत सतरा वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स करणारा माणूस. फ्लॅट घेताना टाईल्स बघितल्या, किचनचा ओटा बघितला, नळाचं प्रेशर बघितलं, मीटर रूममध्ये डोकावलं सुद्धा नाही. बायको अजून बोलून दाखवते.

नंतर जे करावं लागलं ते सांगतो म्हणजे पुढचं का लिहितोय ते कळेल. मीटर रूम बिल्डिंगच्या एका टोकाला आणि माझं पार्किंग दुसऱ्या टोकाला, मधे दोन बीम. बीमला भोक पाडायचं नाव काढायचं नसतं (कुणी वायरमन म्हणाला 'छोटंसं तर आहे साहेब' तरी हो म्हणू नका), त्यामुळे बाहेरून डक्टच्या कडेनं फिरवून अडतीस मीटर केबल ओढली. सोसायटीची एनओसी मिळायला तीन मीटिंगा गेल्या, एका काकांना वाटत होतं की माझी गाडी लागली की त्यांचा फ्रीज बंद पडणार. बांधकाम चालू असताना हेच काम म्हणजे फक्त एक पाईप आणि वायरमनची अर्धी दुपार.

मग गेल्या वर्षी दाजींनी साताऱ्याला गोडोलीच्या बाजूला बांधकाम काढलं, खाली पार्किंग वर तीन मजले, घरचेच चार फ्लॅट आणि दोन विकायचे, तेव्हा मी सुट्ट्या टाकून साईटवर जाऊन बसलो. खालचं सगळं त्या दोन अनुभवांवरनं आहे.

आधी नियम, थोडक्यात

लोकांना वाटतं हे सगळं ऐच्छिक आहे. नाही. केंद्राच्या गृहनिर्माण खात्यानं फेब्रुवारी २०१९ मध्ये मॉडेल बिल्डिंग बायलॉजमध्ये बदल करून टाकला की नवीन बिल्डिंगच्या पार्किंगपैकी २० टक्के जागांना चार्जिंगची सोय पाहिजे, आणि विजेचा लोड धरताना ते सगळे पॉइंट एकाच वेळी चालू आहेत असं समजून वर १.२५ पट धरायचा. मॉडेल म्हणजे नमुना, राज्यानं स्वीकारायचा. महाराष्ट्राच्या २०२१ च्या ईव्ही धोरणात मग आलं की नवीन राहत्या बिल्डिंगमध्ये २० टक्के पार्किंग ईव्ही-रेडी (म्हणजे चार्जर लावायची तयारी आधीच केलेलं), त्यातलं ३० टक्के सामायिक जागेत, आणि ऑफिसं-दुकानं-संस्था असतील तर २५ टक्के. आणि २०२५ च्या नवीन धोरणात उडीच मारली आहे, राहत्या नवीन बिल्डिंगचं सगळं पार्किंग ईव्ही-रेडी आणि शिवाय निदान एक सामायिक चार्जिंग पॉइंट, नवीन व्यापारी बिल्डिंगला ५० टक्के.

परवानगी मात्र धोरणाच्या कागदावर मिळत नाही. सांगलीत महापालिका आणि साताऱ्यात नगरपालिका, दोघीही नकाशा तपासतात तो राज्याच्या एकत्रित नियमावलीवर, म्हणजे ज्याला आर्किटेक्ट लोक यूडीसीपीआर म्हणतात, डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून जवळपास सगळीकडे तीच. म्हणून तुमच्या नकाशाची मंजुरी कुठल्या तारखेची आहे आणि परवान्याच्या अटींमध्ये चार्जिंगबद्दल काय ओळ आहे, हे आर्किटेक्टकडनं लेखी घ्या. आमच्या बिल्डिंगचा नकाशा २०१९ चा होता, त्यामुळे आमच्या बिल्डरला मी कितीही शिव्या घातल्या तरी कागदावर तो बरोबर होता.

बाहेर याच्याही पुढं गेलेत. इंग्लंडमध्ये १५ जून २०२२ पासून नवीन घराला स्वतःचं पार्किंग असलं की चार्जर बसवूनच द्यावा लागतो, नुसता पाईप चालत नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावानं तर २०१९ मध्ये नवीन बिल्डिंगमध्ये गॅसची पाईपलाईनच नको, सगळं विजेवर, असा ठराव केला, मग हॉटेलवाल्यांची संघटना कोर्टात गेली आणि २०२३ मध्ये अपील कोर्टानं तो उडवला. आपल्याकडं गॅसला कुणी हात लावलेला नाही, आणि लावू पण नये असं माझं मत आहे, त्यावर खाली येतो.

ईव्ही-रेडी म्हणजे नेमकं काय मागायचं

चार्जर नको. हे नीट समजून घ्या कारण बिल्डर तुम्हाला चार्जरचा फोटो दाखवून खूश करतो. चार्जर आज घेतला तर पाच वर्षांनी जुना होणार, आणि तो बाजारात कधीही मिळतो. जे नंतर मिळत नाही ते तीन गोष्टी: मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत रिकामा रस्ता, मीटर रूममध्ये मोकळी जागा, आणि महावितरणकडनं मंजूर केलेला लोड. या तीन असतील तर एका दिवसात चार्जर लागतो. नसतील तर भिंतीवर लावलेला महागडा डबा शोभेला.

रस्ता म्हणजे पाईप किंवा ट्रे. दाजींचा मिस्त्री म्हणाला स्लॅबमध्ये एक इंची पाईप टाकून देतो. मी म्हटलं मामा, एक इंचीत एका गाडीच्या सहा एमएमच्या तीन वायरी जातील, मग पुढची गाडी आली की काय करायचं. शेवटी दोन गोष्टी केल्या. पार्किंगच्या स्लॅबखाली, बीमच्या खालच्या बाजूनं, जाळीचा जीआय ट्रे मीटर रूमपासून शेवटच्या खांबापर्यंत नेला, आणि जिथं ट्रे जाऊ शकत नव्हता तिथं भिंत ओलांडायला दीड इंची हेवी पाईप आधीच बसवून घेतला, आत ओढायची तार घालून. ती तार विसरू नका. रिकाम्या पाईपात प्लास्टरच्या वेळी सिमेंट जातं, उंदीर घर करतात, आणि चार वर्षांनी वायर ओढायला गेलं की मधेच अडकतं. तार असेल तर निदान कुठं अडकलंय ते कळतं. दोन्ही तोंडांना टोपी लावा, आणि प्लास्टरच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, भिंतीला टेप लावलेला दिसेल असे. माझ्याकडं दाजींच्या घराचे एकशे चाळीस फोटो आहेत, बहिणीला वाटलं घराचे काढतोय, ती प्रत्येक फोटोत हसत उभी आहे.

बीममधनं पाईप न्यायचाच असेल तर सेंटरिंग लागल्यावर, सळई बांधताना, स्ट्रक्चरल इंजिनियरनं दाखवलेल्या जागी तुकडा सोडायचा. काँक्रीट पडल्यावर नाही.

पॉइंट कुठं द्यायचा याला पण नियम आहे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा. सॉकेट जमिनीपासून कमीत कमी ८०० मिलीमीटर वर पाहिजे, म्हणजे साधारण कमरेएवढं. गाडी उभी राहते तिथनं चार्जिंग पॉइंट पाच मीटरच्या आत पाहिजे. मधे एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही, ॲडाप्टर चालत नाही. आता सांगलीत संध्याकाळी कुठल्याही कॉलनीत चक्कर मारा, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतनं पिवळी एक्स्टेन्शन वायर खाली सोडलेली आणि तिला स्कूटर लटकलेली हमखास दिसते, पावसात सुद्धा. ती वायर गुंडाळीसकट वापरतात लोक, गुंडाळी गरम होते आणि आतनं वितळते, आणि कळतं तेव्हा वास आलेला असतो.

वायर किती जाडीची

इथं जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, आणि चुका करणारे वायरमन चांगले पंधरा वर्षांचे अनुभवी असतात. त्यांचा अनुभव गिझरचा आहे. गिझर पंधरा मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी आठ-आठ तास एकसारखी ओढते. गिझरच्या पॉइंटवर जे सॉकेट दहा वर्षं टिकतं ते गाडीला लावलं की महिन्याभरात पिवळं पडतं, मग तपकिरी.

गाडीसोबत जो साधा चार्जर येतो तो १६ अँपियरच्या प्लगवर चालतो आणि सव्वादोन ते सव्वातीन किलोवॅट ओढतो. त्याला चार एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र लाईन, मधे दुसरा एकही पॉइंट नाही. शक्य असेल तर घरातलं पांढरं मॉड्युलर सॉकेट लावूच नका, कारखान्यात असतं तसं निळं गोल इंडस्ट्रियल सॉकेट लावा, त्याची पकड घट्ट असते आणि झाकण असतं.

भिंतीवरचा चार्जर साधारण ७.२ किलोवॅटचा, म्हणजे ३२ अँपियर. त्याला निदान सहा एमएम, आणि लांब असेल तर दहा. लांब म्हणजे किती, तर मी कागदावर मांडलं होतं: तीस मीटर अंतर, ३२ अँपियर, चार एमएमच्या वायरीत साधारण ९ व्होल्ट वाटेतच जातात, सहामध्ये ६, दहामध्ये साडेतीन. दिवाळीत आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज आधीच खाली असतं, त्यात अजून नऊ गेले की चार्जर कुरकुरतो, आणि जे नऊ व्होल्ट गेले ते वायर गरम करण्यातच गेले, पैसे मात्र मीटर तुमच्याकडनंच घेतो. ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते म्हणून बिल्डर सुचवतो, मेन लाईनला ठीक आहे, पण पॉइंटपर्यंत तांबंच घ्या.

प्रत्येक पॉइंटला स्वतःचा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आणि स्वतःचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईन तोडणारा), ३० मिलीअँपियरचा, आणि टाईप ए. हा टाईप ए शब्द बिलावर लिहून घ्या, कारण दुकानात सरळ मागितला तर टाईप एसी हातात ठेवतात, तो स्वस्त असतो आणि डब्यावर बारीक चिन्हाचा फरक असतो. गाडीच्या चार्जरमधनं जो गळती करंट येऊ शकतो तो टाईप एसीला धड कळत नाही. चार पॉइंटना मिळून एक आरसीसीबी लावायची युक्ती पण कुणी सुचवेल, ती ऐकू नका, एकाची स्कूटर ओली असली की चौघांच्या गाड्या सकाळी अर्ध्या चार्ज.

अर्थिंग, आणि सांगली-साताऱ्याच्या जमिनीचा फरक

बऱ्याच गाड्यांच्या चार्जरला अर्थिंग धड नसेल तर तो चालूच होत नाही, लाल दिवा लावून गप्प बसतो. शोरूमला फोन केला की ते म्हणतात घरचं चेक करा, वायरमन म्हणतो घरचं बरोबर आहे गाडी खराब आहे. दोघांच्या भांडणात तुम्ही बसनं ऑफिसला.

सांगलीची काळी माती ओली असताना अर्थिंगला फार छान. पण एप्रिल-मे मध्ये तीच माती फुटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि अर्थिंगचा पाईप मातीपासून सुटा होतो. कोळसा-मीठ घालून केलेलं असेल तर उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायला लागतंय, आणि सोसायटीत ते कुणाचंच काम नसतं. साताऱ्यात उलटं, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी दोन फुटावर खडक लागतो. दाजींच्या प्लॉटला मुरूम आणि खाली कातळ, एका खड्ड्यात रीडिंग काही खाली येईना, शेवटी दोन बाजूंना दोन केमिकल अर्थिंग करून पट्टीनं जोडले तेव्हा जमलं. नुसतं 'केलं साहेब' यावर विश्वास ठेवू नका, अर्थ टेस्टर लावून समोर रीडिंग घ्यायला सांगा, तेही उन्हाळ्यात. पावसाळ्यात सगळ्यांचंच अर्थिंग चांगलं असतं.

आणि मेन बोर्डला एसपीडी लावा, म्हणजे सर्ज रोखणारं डबडं. आपल्याकडं वळवाचा पाऊस जो विजांचा धिंगाणा घालतो त्यात टीव्ही गेला तर सोसतं, गाडीच्या आतला चार्जर गेला तर नाही.

लोड: किती मागायचा

तुमच्या वीजबिलावर 'मंजूर भार' असं लिहिलेलं असतं, आधी ते बघा. बरेच बिल्डर प्रत्येक फ्लॅटचा लोड कमी दाखवून अर्ज करतात, म्हणजे डिपॉझिट कमी, ट्रान्सफॉर्मरचा विषय निघत नाही. मग तुम्ही एसी, इंडक्शन आणि गाडी असं तिन्ही लावलं की मेन एमसीबी रोज रात्री पडतो.

पण दुसऱ्या टोकाला पण जाऊ नका. बारा गाड्यांचं पार्किंग, प्रत्येकाला ७.२ चा चार्जर, सगळे एकदम चालू, वर १.२५ पट, हिशोब जातो १०८ किलोवॅटला. सहा मजली साध्या बिल्डिंगला हे म्हणजे स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवायची पाळी. खरी गरज किती असते ते बघा. सांगली-मिरज करणारा माणूस दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर फिरतो, त्याला कारला चार-साडेचार युनिट लागतात, म्हणजे साध्या तीन किलोवॅटवर दीड तास. स्कूटरची तर पूर्ण बॅटरीच तीन-चार युनिटची. त्यामुळे प्रत्येक जागेला ३.३ किलोवॅट धरा, एक किंवा दोन सामायिक पॉइंट ७.२ चे ठेवा, ज्याला पहाटे पुण्याला निघायचंय तो ते वापरेल. आणि चार्जर घेताना आपापसात लोड वाटून घेणारे घ्या, असे मिळतात आता, बिल्डिंगचा लोड भरत आला की ते आपोआप कमी ओढतात. आर्किटेक्टनं नियमाचा आकडा कागदावर बसवायला लागतो तो बसवू दे, पण सोबत ही लोड वाटायची सोय आराखड्यात दाखवायला सांगा.

आता मीटर कुणाचा. दोन रस्ते आहेत. एक, तुमच्या फ्लॅटच्या मीटरवरनंच लाईन खाली आणायची. स्वतःच्या घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला परवानगी आहे, घरगुती दरानंच. यात एक मेख आहे, आपले दर टप्प्यांचे, शंभर युनिटपर्यंत एक, मग तीनशेपर्यंत, मग पाचशे. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालली की दीडशे युनिट वाढतात, आणि जो माणूस आत्तापर्यंत तीनशेच्या आत होता तो वरच्या टप्प्यात जातो. दुसरा रस्ता, गाडीसाठी वेगळं कनेक्शन. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल केला, त्यात घरी चार्जिंगसाठी स्वतंत्र कनेक्शन मागायचा हक्क दिला आहे, आणि नवीन कनेक्शन किंवा लोडवाढ द्यायची मुदत महानगरांत तीन दिवस, नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत सात दिवस, खेड्यात पंधरा दिवस ठेवली आहे. नवीन लाईन टाकायला लागणार नसेल तर. अर्ज ऑनलाईन करा, पावतीचा नंबर जपून ठेवा, लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट जोडा. दर कुठल्या वर्गात बसतोय ते अर्ज करतानाच लेखी विचारा, पहिलं बिल आल्यावर नको.

सामायिक पॉइंटला सबमीटर लावायलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या वार्षिक सभेत चार्जिंग सोडून दुसरा विषयच निघत नाही. कार्ड लावून चालू होणारे चार्जर आले आहेत, कुणी किती युनिट घेतले ते दिसतं. बाहेरच्यांना पैसे घेऊन चार्जिंग द्यायचं डोक्यात असेल, साताऱ्याला हायवेच्या कडेला ज्यांची जागा आहे ते विचारतातच, तर त्याला वीज विकायचं लायसन्स लागत नाही, केंद्रानं २०१८ लाच सांगितलंय की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नाही. मात्र ते घरगुती मीटरवर करू नका, त्याचा दरवर्ग वेगळा आहे.

सांगलीकरांसाठी वेगळं: पाणी

हे कुठल्याच नियमाच्या पुस्तकात तुमच्या कॉलनीच्या नावानं लिहिलेलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत ५४ च्या वर. गावभाग, दत्तनगर, कर्नाळ रोड, कोल्हापूर रोड, शामरावनगर इथं जे राहतात त्यांना मी काय सांगायचं. माझा मावसभाऊ गावभागात, २०१९ ला त्याच्या अपार्टमेंटची मीटर रूम पार्किंगच्या लेव्हलला होती, पाणी उतरून चार दिवस झाले तरी वरचे लोक अंधारात, कारण सगळे मीटर गाळानं भरलेले. पाणी घरात कुणाच्याच आलं नव्हतं, चौथ्या मजल्यावाल्यांच्या तर खिडकीतनं नुसता समुद्र दिसत होता, पण मोटर नाही, लिफ्ट नाही, मोबाईल चार्जिंग नाही.

नियम पूररेषेचा आहे. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा. निळ्याच्या आत बांधकाम मिळत नाही, निळ्या आणि लालच्या मधे मिळतं पण जोतं लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर पाहिजे. पार्किंग मात्र खालीच असतं, आणि चार्जिंग पार्किंगमध्येच असतं, ही खरी अडचण. म्हणून मीटर रूम, मेन स्विच, आणि चार्जिंगचा डिस्ट्रिब्युशन बोर्ड जिन्याच्या पहिल्या लँडिंगवर किंवा पहिल्या मजल्यावर घ्या, महावितरणच्या माणसाला सहज वाचता येईल अशी जागा सोडून. खाली पार्किंगमध्ये फक्त केबल आणि सॉकेट येऊ दे, ते बुडालं तर पाचशे-हजाराचा माल बुडाला. चार्जर स्क्रूवर टांगलेला आणि प्लगनं जोडलेला घ्या, म्हणजे काढून वर नेता येतो. नियम ८०० मिलीमीटर म्हणतो, आपण भिंतीवर जेवढं वर नेता येईल तेवढं न्या, हात पोचला म्हणजे झालं. आणि पार्किंगच्या सगळ्या चार्जिंग लाईनींना वर लँडिंगवर एकच मोठा आयसोलेटर, म्हणजे सगळी लाईन एकदम तोडणारा स्विच, लाल हँडलचा.

स्वयंपाकघर आणि गच्ची, पटकन

गॅस ठेवा. आईला इंडक्शन घेऊन दिलं, चहा आणि भाताला ती खूश आहे, पण भाकरी त्याच्यावर फुगत नाही, आणि भाकरी न फुगलेलं घर आमच्यात चालत नाही. तरी ओट्याजवळ १६ अँपियरचा पॉइंट स्वतंत्र चार एमएमच्या लाईनवर द्या, मिक्सरच्या पॉइंटवरनं ओढून नको. पुढच्या पिढीचा निर्णय पुढची पिढी घेईल, वायर असू दे.

गच्चीवर पाणी तापवायचं सोलर नियमानं येतंच मोठ्या बांधकामांना, पण ते गच्चीच्या मधोमध बसवून जागा घालवतात. दक्षिणेची मोकळी जागा वीज बनवणाऱ्या पॅनेलला ठेवा, किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट. आपल्या उन्हात एक किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरा, म्हणजे तीन किलोवॅटला महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, गाडी आणि घराचा बराचसा भाग त्यात निघतो. पीएम सूर्यघर योजनेत घराला दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, जास्तीत जास्त ७८ हजार मिळतात, आणि सोसायटीला सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार, त्यात गाड्यांचं चार्जिंग पण धरलंय. दहा किलोवॅटपर्यंत महावितरणचा वेगळा तांत्रिक अभ्यास लागत नाही. यासाठी गच्चीपासून मीटर रूमपर्यंत अजून एक रिकामा पाईप. हो, परत पाईप.

फ्लॅट विकत घेत असाल तर

बांधत नसाल, घेत असाल, तर तुमच्या हातात करारनामा आहे. महारेरानं २०२४ मध्ये सांगितलंय की पार्किंगचा नंबर, लांबी-रुंदी-उंची, नेमकी जागा हे सगळं अलॉटमेंट लेटर आणि करारनाम्यात पाहिजे. त्याच ओळीखाली चार्जिंगचं घालून घ्या: 'प्रोव्हिजन' हा शब्द नको, त्याऐवजी पाईप किती इंची, कुठून कुठंपर्यंत, वायर किती एमएम, त्या पॉइंटसाठी किती किलोवॅट लोड मंजूर, मीटर कुठला. बिल्डरचा सेल्सचा मुलगा म्हणेल सर एवढं कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहा. कामाच्या दर्जाच्या दोषाला पझेशनपासून पाच वर्षं बिल्डर जबाबदार असतो रेराखाली, पण दोष सिद्ध करायला आधी काय द्यायचं ठरलं होतं ते कागदावर लागतं.

पझेशनच्या दिवशी नारळ फोडायच्या आधी पार्किंगमध्ये जा. सिंगल लाईन डायग्रामची, म्हणजे बिल्डिंगच्या वीजजोडणीच्या नकाशाची, प्रत मागा. मीटर रूमचं दार उघडून चार्जिंगचा बोर्ड दाखवायला सांगा, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा, खटकन पडला पाहिजे. तुमच्या पॉइंटला टेस्टर न लावता सरळ दोन किलोवॅटचा हीटर लावा, तासभर चालू ठेवा, वरती जाऊन खोल्या बघून या, मग खाली येऊन सॉकेटला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर किल्ली परत द्या आणि दुरुस्त झाल्यावर घ्या. मी हे दाजींच्या त्या दोन विकायच्या फ्लॅटच्या पॉइंटना केलं, एक चांगला निघाला, एक सॉकेट भाजत होता, आत स्क्रू नुसता टेकवलेला. वायरमन म्हणाला चहा प्यायला गेलो होतो, राहिला.

आणि गावभाग-कोल्हापूर रोडवाल्यांनो, जूनच्या पहिल्या आठवड्यात लँडिंगवरचं ते लाल हँडल कोण खाली ओढणार त्याचं नाव आणि फोन नंबर बोर्डाच्या दारावर चिकटवा, आणि त्यालाच गाड्या विश्रामबागला कुणाच्या दारात लावायच्या ते पण आत्ताच विचारून ठेवायला सांगा. पाणी ४० फुटांवर गेल्यावर विश्रामबागच्या सगळ्या पाव्हण्यांची दारं आधीच भरलेली असतात.